घोडीला पुरणपोळी

मावसभावाचा मेसेज आलाय, 'दत्त जयंतीला सारंगखेड्याला चल, एक पंचकल्याण बघून ठेवलाय, तुला घोड्यातलं कळतं.' कळतं वगैरे काही नाही; पंचकल्याण म्हणजे चारी पाय आणि तोंडावर पांढरं असलेला घोडा, एवढंच माहीत. पण यंदा तिथल्या घोड्यांच्या यात्रेला जायला पाय का निघत नाही, ते एकदाच लिहून टाकतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या नाल्याजवळ एक पांढरी घोडी दिसल्याचा फोन आला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. पाठीवर खोगिराचा घाव, त्यात अळ्या. खूर वाढून जुन्या मोजडीसारखे पुढे वळलेले. आयाळीत लग्नातल्या गोंड्याचा लाल दोरा अजून अडकून होता.

मी पोचेपर्यंत गावाने तिला जेवू घातलं होतं. आदल्या दिवशीच्या, खापरावरच्या पुरणपोळ्या! सणाला बैलाला दिल्या, मग ही उपाशी का राहावी? वरून कुणी भिजवलेले हरभरे आणले. माया होती हो, खोटं नाही बोलणार. आणि मीही घरून गूळ घेऊनच गेलो होतो.

महिनोन्महिने उपाशी असलेल्या घोड्याला एकदम दाणा-गोड दिलं की रक्तातले क्षार झपाट्याने घसरतात, हृदय थकतं. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही, पोट फुगलं तर ते आतल्या आतच. सुरुवातीचे दिवस थोडा थोडा लसूणघास, दर चार तासांनी, आणि पाणी. बस. हे मला डॉक्टरांनी सांगितलं, पण पोळ्या खाऊन झाल्यावर. तेही बिचारे गाई-म्हशींतले, चार ठिकाणी फोन करून विचारत होते.

दुसऱ्या रात्री ती बसली. एवढं मोठं धूड एका कुशीवर पडून राहिलं की स्वतःच्याच वजनाने चेंगरतं, म्हणून आम्ही पाच जण दर दोन-तीन तासांनी तिला कूस बदलवत होतो. शेजारचे आबा कंदील घेऊन आले, बघितलं आणि म्हणाले, "दादा, हाई आते उठाव नही." चौथ्या दिवशी पहाटे गेली. जेसीबीवाल्याने खड्ड्याचे पैसे घेतले नाहीत.

घोडीवाल्याचा पत्ता लागला. शिव्या द्यायलाच गेलो, दिल्याही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत एक वरात नाही, आणि रोजचा सहा-सात किलो सुका चारा. दादर ज्वारीचा कडबा काय भावाने मिळतो, शेतकऱ्याला विचारा. लग्नात आता नवरदेवाला सजवलेली गाडी हवी असते. "कोणी तरी बांधून घेईल म्हणून सोडली," म्हणाला. त्याला माफ केलेलं नाही. पण माझा खरा राग त्याच्यावर नाही.

तिचा पहिला मालक हौशी होता म्हणे. यात्रेतून आणली, गावात मिरवली, फोटो काढले, दोन वर्षांत कंटाळला. मग ती लग्नांत नाचली. तिथेही निभेना झालं की वीटभट्टी, नाहीतर रस्ता. प्रत्येक पायरीवर गिऱ्हाईक गरीब होत जातं आणि घोडं म्हातारं. गळ्याखालची देवमण (शुभ मानलेला केसांचा भोवरा) बघून, अंगावरचे भोवरे मोजून लाखांत घेणारे हौशी लोक खूर साळायला नालबंद कुठून आणणार ते कधी विचारतात का? महिना-दीड महिन्याने लागतो तो. आमच्या तालुक्यात शोधून दाखवा.

प्राण्यांचा छळ रोखणारा कायदा आहे म्हणाल. 1960 चा आहे. जनावर असं सोडून दिलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एवढ्यात शेवभाजीची प्लेटसुद्धा येत नाही.

मावसभावाला उत्तर पाठवलंय, 'येतो, पण आधी आषाढात त्याला कुठे बांधणार ती जागा दाखव.' दोन निळ्या टिक दिसतायत. तीन दिवस झाले.