प्रत्येक शब्दावर एक टिंब

आज सकाळी मोबाइलवर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आली. वर नाव कुणाचं, तर बाबांनी जिथे सव्वीस वर्षं प्रुफं वाचली त्या मासिकाचं. तीच अक्षरं, तेच वळण. मासिक कधीच बंद पडलं, नाव कुणीतरी विकत घेतलंय. आणि खाली छापलंय 'आर्युवेदिक'. त्या नावाखाली! तेव्हापासून डोकं ठणकतंय.

बाबा मुद्रितशोधक. समोर गॅलीचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीची कच्ची प्रत, हातात लाल पेन्सिल, आणि तपासलेल्या प्रत्येक शब्दावर बारीक टिंब. न्यूयॉर्कच्या 'टाइम' साप्ताहिकामध्येही तपासणाऱ्या मुली असंच टिंब देतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. केवढा आनंद झालेला त्यांना! रद्दीवाल्याकडून 'टाइम', 'लाइफ'चे जुने अंक आणायचे आणि म्हणायचे, "बघ, यातही टिंबं आहेत, फक्त दिसत नाहीत."

त्या टाइम कंपनीचं तरी काय झालं? १९२२ साली हेन्री लूस आणि ब्रिटन हॅडन या चोविशीतल्या पोरांनी ती काढली. १९२३ ला 'टाइम', १९३० ला 'फॉर्च्युन', १९३६ ला 'लाइफ', १९५४ ला 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड', १९७४ ला 'पीपल'. चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेला फोटो 'लाइफ'च्या मार्गारेट बर्क-व्हाइटनं १९४६ साली काढलेला. आधी सूत कातायला शिका, मग कॅमेरा काढा, असं तिला सांगितलं गेलं, आणि ती शिकली. एका फोटोसाठी!

मग आले मोठ्या आकड्यांचे लोक. १९९० मध्ये सिनेमावाल्या वॉर्नर कंपनीशी लग्न लावलं. २००१ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीशी दुसरं, आणि पुढच्याच वर्षी सुमारे ९९ अब्ज डॉलरचा तोटा. सिनेमा, केबल, इंटरनेट यांच्या गर्दीत मासिकं कोपऱ्यात. २०१४ ला त्यांना वेगळं काढलं, तेही सुमारे १.३ अब्जांचं कर्ज गळ्यात घालून. म्हातारीला घराबाहेर काढायचं आणि सावकाराची चिठ्ठी तिच्याच पदराला बांधायची, दुसरं काय!

२०१८ मध्ये मेरेडिथ या दुसऱ्या मासिक कंपनीनं सगळं घेतलं आणि वाटे घातले. 'टाइम' १९ कोटी डॉलरला, 'फॉर्च्युन' १५ कोटींना. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'चं नाव ११ कोटींना एका ब्रँडवाल्या कंपनीकडे, मासिक चालवायचा परवाना तिसऱ्याकडे. २०२३ ला उघड झालं की त्याच्या वेबसाइटवर वस्तूंची भलामण करणारे लेख अस्तित्वातच नसलेल्या लेखकांच्या नावावर होते, आणि त्यांचे फोटो संगणकानं बनवलेले. हे लेख बाहेरच्या कंपनीनं पुरवले होते म्हणे. पुरवले असतील. तपासायला कोण बसलं होतं? दोनच महिन्यांनी परवान्याचा हप्ता चुकला, परवाना गेला आणि माणसांच्या हातात नोकरी संपल्याची पत्रं.

हो, वाचकही गेले, मान्य. टीव्हीनं जाहिराती ओढल्या, टपालखर्च वाढला, म्हणून लाखो प्रती खपत असतानाही साप्ताहिक 'लाइफ' १९७२ लाच थांबलं. आणि माझी मुलगी म्हणते, "टिंबं मुलींनी द्यायची आणि लिहायचं पुरुषांनी, हे चालायचं का तुला?" नाही चालायचं. बरोबर आहे तिचं.

पण नाव विकता येतं, ठीक. टिंब देणाऱ्याला आधी घरी बसवून मग विकायचं? बाबांना शेवटच्या दिवशी नारळ दिला, शाल दिली. ग्रॅच्युइटीसाठी दोन वर्षं खेपा घातल्या त्यांनी. आणि तरी दर महिन्याला स्टॉलवरून अंक विकत आणायचे. जेवण झालं की पेन्सिल घेऊन बसायचे. आई ओरडायची, आता पगार कोण देतंय?

शेवटचा अंक काढलाय मघाशी कपाटातून. पान ३४ पर्यंत टिंबं आहेत. पुढे नाहीत, त्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात नेलं होतं.

जुळणी खात्यात बाबांच्या टेबलासमोर बसणारे एक काका होते, तंबाखूची डबी आणि हिरवा स्वेटर. त्यांच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर मला मेसेज करा. त्यांना हा अंक दाखवायचा आहे.