“समोरच्या वकिलासोबत चहा घेतात” या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

एक तारा देऊन आपण तीन तक्रारी लिहिल्यात. ऑफिसात फोन कुणी उचलत नाही, सहा महिन्यांत घटस्फोट होऊन मोकळं होण्याचं सांगून वर्ष उलटलं, आणि कोर्टाच्या आवारात मी समोरच्या वकिलांसोबत चहा घेत होते, म्हणजे मी मॅनेज झाले.

आपली केस आमच्याकडे होती की नाही, हेसुद्धा मी इथे लिहिणार नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने बाहेर काढायचं नाही, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्येच आहे. शिवाय नाशिकमध्ये कुठून ना कुठून ओळख निघतेच. नाव नसलं तरी तपशिलावरून माणूस कळतो. म्हणून आमच्या कामाच्या पद्धतीबद्दलच बोलते.

फोनचं आपलं म्हणणं खरं आहे. मी दिवसभर कोर्टात असते आणि ज्युनिअर सोडून गेल्यावर दोन महिने ऑफिसात फोन घ्यायला कुणी नव्हतं. घर मोडत असताना बाई वकिलाला फोन करते, तेव्हा तिला आजची रात्र कशी काढायची हे विचारायचं असतं. तो फोन नुसता वाजत राहिला, याबद्दल मनापासून माफी मागते. आता संध्याकाळी सहा ते आठ मी स्वतः फोन घेते.

सहा महिन्यांचं सांगते. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा, तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब नुसार अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे सहा महिने माफ करण्याची वाट मोकळी केली. पण पोटगी, मुलांचा ताबा असं सगळं खरोखर मिटलेलं असेल तरच. हुकूम होण्याआधी एकाने जरी संमती काढून घेतली, तरी तो अर्ज तिथेच अडतो. मग पुरावे, उलटतपासणी, आणि त्याला किती काळ लागेल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्याकडून नुसतं “सहा महिने” एवढंच सांगितलं गेलं असेल, तर चूक आमची.

चहाबद्दल मात्र मी माफी मागणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत मूल कुणाकडे राहणार, शाळेची फी कोण भरणार, सासरच्या लॉकरमधल्या पाटल्या कधी परत मिळणार, यातल्या प्रत्येक गोष्टीवर अर्ज आणि त्यावर म्हणणं देत बसलं तर तारखांमागून तारखा जातात. दोन वकील बोलले तर कधीकधी त्याच आठवड्यात मूल आईला भेटतं. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ चं कलम ९ तर खुद्द न्यायालयालाच आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगतं, म्हणून समुपदेशकांकडे जावं लागतं. तिथे जा म्हणणं म्हणजे परत नांदायला जा म्हणणं नव्हे. जिथे मारहाण आहे, तिथे तर मी समेटाचा शब्दही काढत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा अर्ज आधी करते.

अशिलाला विचारल्याशिवाय मी एकही अट कबूल करत नाही. पण काय बोलणं झालं हे त्याच दिवशी तिला सांगायला हवं, नाहीतर लांबून पाहणाऱ्या बाईच्या मनात शंका येणारच. ते आजपासून सांगत जाईन.

तरीही वकील बदलायचा असेल, तर ना-हरकत लगेच देते. फी बाकी आहे म्हणून वकिलाला फाईल अडवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. पैशांची अडचण असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याने बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

शनिवारी दुपारी मी सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या ऑफिसात असते. भावाला किंवा मैत्रिणीला सोबत घेऊन या, सगळे कागद समोर ठेवून बोलू.