चंबावांबाच्या बंडखोर गाण्यांबद्दल पसरलेल्या चुका

चंबावांबा या ब्रिटिश बँडच्या ‘इंग्लिश रिबेल साँग्ज’ या अल्बमबद्दल एक समजूत सर्रास पुढे पाठवली जाते. ती अशी: ‘टबथंपिंग’ हे त्यांचं गाणं गाजल्यावर या मंडळींना बाजारासाठी इतिहास आठवला, अल्बममधलं ‘द कटी रेन’ इंग्लंडमधल्या 1381 च्या शेतकरी उठावातलं अस्सल गाणं आहे, आणि माग फोडणाऱ्या विणकरांचा काल्पनिक पुढारी जनरल लड याचं गाणं यंत्रांचा द्वेष करणाऱ्यांचं आहे.

पहिला आरोप तारखेवरच कोसळतो. अल्बम 1988 चा, ‘टबथंपिंग’ 1997 चं. अराजकवादी पंक म्हणून ओळख असलेल्या या बँडने गिटार-ड्रम बाजूला ठेवून, बहुतांशी नुसत्या गळ्यावर, स्वतःच्या छोट्या लेबलवर हा अल्बम काढला. त्यात बाजार कुठे दिसतो? 2003 मध्ये त्यांनी तो नव्याने गायला आणि त्यातल्या गाण्यांचा काळ 1984 च्या ब्रिटिश खाणकामगारांच्या संपापर्यंत आणला. घोटाळा बहुधा तिथूनच झाला असावा.

‘कटी रेन’चं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि इथे बँडच्या चाहत्यांचंही चुकतं. रेन हा चिमणीपेक्षाही लहान पक्षी. गाण्यात त्याला मारायला तोफा लागतात, शिजवायला प्रचंड कढई लागते. हा पक्षी म्हणजे सरंजामदारांची सत्ता आणि शिकार म्हणजे उठाव, हा अर्थ लोकप्रिय केला लोकगीतांचे अभ्यासक ए. एल. लॉइड यांनी, 1944 च्या त्यांच्या पुस्तकातून. पण गाण्याचा सर्वांत जुना ज्ञात पाठ डेव्हिड हर्ड या स्कॉटिश संग्राहकाच्या 1776 च्या गीतसंग्रहातला. मधल्या जवळपास 400 वर्षांचा एकही कागद नाही. आयर्लंड आणि आइल ऑफ मॅनमध्ये 26 डिसेंबरला रेन मारण्याची प्रथा होती, गाण्याचं मूळ तिथे शोधणं मला जास्त पटतं. शिवाय 1381 ला उसन्या गाण्याची गरजच नाही. डोईपट्टीने पिचलेल्या लोकांपुढे उठावातल्या जॉन बॉल या धर्मोपदेशकाने ज्या दोन ओळींवर प्रवचन केलं, त्या जुन्या बखरीत सापडतात: आदम जमीन खणत होता, हव्वा सूत कातत होती, तेव्हा उमराव कोण होता?

आता लड. 1812 च्या सुमाराचं हे गाणं ब्रिटिश गृहखात्याच्या कागदपत्रांत जपलेलं आहे, म्हणजे त्याचा काळ पक्का आहे. आणि त्यातच स्पष्ट म्हटलंय की लडचा राग फक्त रुंद मागांवर आणि जुने दर पाडणाऱ्यांवर आहे. प्रामाणिक माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका नाही. रुंद मागावर मोठं कापड विणायचं, ते कापून-शिवून तकलादू मोजे स्वस्तात विकायचे, असा धंदा नॉटिंगहॅमशायरमध्ये चालला होता. त्यात कुशल विणकरांची मजुरी बुडत होती. हे विणकर पिढ्यानपिढ्या मागावरच बसलेले होते, त्यांना यंत्राचं वावडं कसं असेल? त्याच 1812 मध्ये संसदेने माग फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठेवली. त्या विधेयकाला कवी बायरनने लॉर्ड्सच्या सभागृहातल्या आपल्या पहिल्याच भाषणात विरोध केला होता. इतकं सगळं नोंदलेलं असताना या माणसांना अडाणी यंत्रद्वेष्टे म्हणत राहणं हा सरळ अन्याय आहे.