अमेरिकेचा आश्रय कायदा आणि बेकायदा स्थलांतर : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील बेकायदा स्थलांतराविषयी एक युक्तिवाद गेली काही वर्षे थोड्याफार फरकाने सर्वत्र फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, आश्रय, म्हणजे मायदेशी छळ होण्याच्या भीतीने आलेल्याला देशात राहू देण्याची तरतूद, मागण्याचा हक्क हेच या प्रश्नाचे मूळ आहे. अर्ज करणारे बहुतेक लोक खोटे बोलतात आणि त्यांचे अर्ज फेटाळले जातात हाच त्याचा पुरावा. म्हणून मेक्सिकोलगतच्या दक्षिण सीमेवर ही तरतूद कायमची बंद करावी, भिंत पूर्ण करावी, आणि 2025 मध्ये घुसखोरी किती घटली हे पाहिल्यावर आणखी पुरावा मागू नये. या युक्तिवादातली तक्रार खरी आहे. आश्रयव्यवस्थेचा गैरवापर होतो आणि तो मोठ्या प्रमाणावर होतो. चूक आहे ती निदानात, आणि निदान चुकल्यामुळे सुचवलेला उपायही चुकतो.

प्रथम मुळाविषयी. अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्यांचा मोठा हिस्सा नदी ओलांडून किंवा कुंपण चढून आलेला नाही. तो विमानाने, रीतसर व्हिसा घेऊन आला आणि मुदत संपल्यावर परत गेला नाही. त्या देशाच्या गृहसुरक्षा खात्याच्या अहवालांनुसार 2017, 2018 आणि 2019 या तिन्ही आर्थिक वर्षांत मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्यांची संख्या दरवर्षी साडेसहा लाखांच्या वर होती. या मंडळींशी ना भिंतीचा संबंध येतो, ना सीमेवरच्या आश्रयाचा.

दुसरा मुद्दा खोटेपणाचा. आश्रयाचा अर्ज मंजूर होण्यासाठी अर्जदाराला धोका आहे एवढे पुरत नाही. तो धोका वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व या पाचांपैकी एखाद्या कारणामुळे आहे हे सिद्ध करावे लागते. होंडुरासमधल्या एखाद्या दुकानदाराने खंडणी द्यायला नकार दिला, म्हणून टोळीने त्याला ठार मारण्याची धमकी दिली, तर त्याने सांगितलेला शब्दन् शब्द खरा असूनही त्याचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो, कारण पैशासाठी केलेला छळ सहसा या पाच कारणांत बसत नाही. शिवाय असे अर्ज ऐकणाऱ्या इमिग्रेशन न्यायालयांत सरकार वकील पुरवत नाही. ज्याला वकील परवडतो त्याची बाजू नीट मांडली जाते. फेटाळलेल्या अर्जांच्या आकड्यावरून खोटे बोलणाऱ्यांचा आकडा काढता येत नाही, हे एवढ्यावरूनही कळावे.

मग गैरवापर होतो तो नेमका कशाचा? माझ्या मते आश्रयाच्या हक्काचा कमी आणि त्यावरच्या निर्णयाला लागणाऱ्या विलंबाचा जास्त. सीमेवर घडते ते जवळून पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. मेक्सिकोच्या सीमेवरची रिओ ग्रांदे नदी ओलांडून आलेले कुटुंब पूर्वीच्या मजुरांसारखे झाडीत लपत नसे, उलट सीमेवर गस्त घालणाऱ्या बॉर्डर पेट्रोलची गाडी शोधत काठावर बसून राहत असे. पुढे त्याच्या हाती इमिग्रेशन न्यायालयात हजर होण्याची नोटीस पडे आणि खटल्याचा निकाल लागायला काही वर्षे जात. दरम्यान आश्रयाचा अर्ज दाखल होऊन 150 दिवस झाले की वर्क परमिटसाठी अर्ज करता येई आणि 180 दिवस पूर्ण झाल्यावर ते मिळू शके. अर्जदाराने स्वतः तारीख पुढे मागितली तर हे दिवस मोजणे थांबते, पण न्यायालयालाच वेळ नसेल तर ते चालूच राहते. 2024 च्या अखेरीस या न्यायालयांपुढे 35 लाखांहून अधिक खटले तुंबलेले होते आणि न्यायाधीश होते साधारण सातशे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच हजारांच्या आसपास. अशा स्थितीत दुबळा अर्ज करणाऱ्यालाही अनेक वर्षांचा मुक्काम आणि कमाईचा परवाना मिळतो, तर ज्याचा छळ खरोखर झाला आहे तो त्याच रांगेत, बायकामुले मायदेशी अडकलेली असताना, तेवढीच वर्षे वाट पाहतो. रांग जितकी लांब, तितका दुबळा अर्ज करण्यात फायदा अधिक.

हा केवळ तर्क नाही, अमेरिकेने त्याचा अनुभव घेतला आहे. 1990 च्या दशकाच्या आरंभी अर्ज केल्यावर नव्वद दिवसांत वर्क परमिट मिळत असे, त्यामुळे एकाच साच्यातले, फक्त नाव बदललेले अर्ज भरून देणाऱ्या दलालांचा धंदा जोरात होता. जानेवारी 1995 मध्ये तेव्हाच्या इमिग्रेशन खात्याने तीन गोष्टी एकदम केल्या: वर्क परमिटसाठी 180 दिवसांची अट घातली, आश्रय अधिकाऱ्यांची संख्या दुप्पट केली आणि सर्वांत नवे अर्ज सर्वांत आधी निकाली काढायला सुरुवात केली. वर्षभरात नव्या अर्जांची संख्या निम्म्याच्याही खाली आली. आश्रयाचा हक्क होता तसाच राहिला, छळातून पळून आलेल्या माणसासाठी एकही दार बंद झाले नाही. फक्त वेळ काढण्यासाठी अर्ज करण्यात फायदा उरला नाही. नव्यांना आधी घेण्याची पद्धत पुढे सोडून देण्यात आली आणि जानेवारी 2018 मध्ये पुन्हा आणली गेली, पण यावेळी पुरेशी माणसे सोबत दिली गेली नाहीत आणि जुने अर्ज तळाशी कुजत राहिले. 1995 च्या सुधारणेतला खर्चाचा भाग वगळून उरलेला भाग स्वस्तात राबवायचा मोह प्रत्येक सरकारला होतो. 2025 मध्ये तर एकीकडे खटले तुंबलेले असताना दुसरीकडे अनेक इमिग्रेशन न्यायाधीशांना कामावरून कमी करण्यात आले. विलंब हाच रोग असेल तर हे औषध कोणत्या हिशेबात बसते, ते समजणे कठीण आहे.

आता या दाव्याचा सर्वांत भक्कम वाटणारा भाग, म्हणजे 2025 चा पुरावा. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या 20 जानेवारी 2025 च्या घोषणेने दक्षिण सीमेवर आश्रय मागणे जवळपास बंद झाले आणि मार्चपर्यंत बॉर्डर पेट्रोलने पकडलेल्यांची मासिक संख्या सात हजारांच्या आसपास उतरली, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र हीच संख्या डिसेंबर 2023 मध्ये अडीच लाखांच्या घरात होती आणि डिसेंबर 2024 मध्ये, म्हणजे त्या घोषणेच्या आधीच, पन्नास हजारांच्याही खाली आली होती. घसरणीचा बराच मोठा भाग मेक्सिकोने आपल्या हद्दीत सुरू केलेल्या धरपकडीमुळे आणि जून 2024 मध्ये आधीच्या सरकारने घातलेल्या निर्बंधांमुळे घडला. त्यातले जूनचे निर्बंध आश्रयावरचेच होते, त्यामुळे निर्बंधांचा परिणाम शून्य असतो असे मीही म्हणणार नाही; पण ते मेक्सिकोच्या सहकार्याशिवाय चालत नाहीत, आणि ते सहकार्य अमेरिकेच्या कायद्यात लिहिलेले नाही.

निर्बंध एकटे पडले की काय होते हे त्याआधीच दिसले होते. मार्च 2020 ते 11 मे 2023 या काळात टायटल 42 या आरोग्यविषयक तरतुदीखाली लाखो लोकांना आश्रयाची संधी न देता थेट परत पाठवण्यात आले. या काळात घुसखोरी घटायला हवी होती. प्रत्यक्षात 2022 या आर्थिक वर्षात दक्षिण सीमेवर बॉर्डर पेट्रोलने 22 लाखांहून अधिक वेळा लोकांना अडवले, आणि तोवर तो उच्चांक होता. टायटल 42 सर्वांना लागू होत नव्हते, बरीच कुटुंबे त्यातून सुटत होती, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्यांना ते लागू झाले त्यांनी काय केले ते पाहावे: पुन्हा पुन्हा सीमा ओलांडताना पकडल्या गेलेल्यांचे प्रमाण 2019 मध्ये 7 टक्के होते, ते 2021 मध्ये 27 टक्क्यांवर गेले. कारण उघड आहे. परत पाठवणीचा ना आदेश निघत होता, ना खटला होत होता, त्यामुळे पुन्हा प्रयत्न करण्यात काही गमवावे लागत नव्हते.

कायदेशीर अडचण थोडक्यात सांगून पुढे जातो. अमेरिकेच्या भूमीवर असलेला कोणीही परका माणूस, तो अधिकृत नाक्यावरून आला असो वा नसो, आश्रयासाठी अर्ज करू शकतो, असे त्या देशाचा कायदाच म्हणतो, आणि तो 1980 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेला आहे. राष्ट्राध्यक्षांची घोषणा हा कायदा बाजूला सारू शकत नाही, असा निर्णय वॉशिंग्टनच्या संघीय जिल्हा न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिला आणि सरकार अपिलात गेले. ज्याला कायमचा उपाय हवा आहे त्याने काँग्रेसकडे जावे.

तिथे काय मागावे, याबाबत माझे मत असे आहे. पहिला निर्णय न्यायालयाऐवजी प्रशिक्षित आश्रय अधिकाऱ्याने काही महिन्यांत द्यावा, एकदा अपील असावे, आणि अंतिम नकार मिळालेल्याला खरोखर परत पाठवावे. हा शेवटचा भाग पुष्कळ उदारमतवादी मंडळी टाळतात, ते बरोबर नाही. देश सोडण्याचा अंतिम आदेश होऊनही अमेरिकेत राहिलेल्यांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे, आणि जोवर आदेश कागदावरच राहतो तोवर लवकर निर्णय देऊनही उपयोग नाही. आपले नागरिक परत घ्यायला नकार देणाऱ्या देशांचे व्हिसा रोखण्याची तरतूद कायद्यात आहे. ती क्वचितच वापरली जाते.

आश्रयाचा खरा हक्कदार नसलेला माणूस आश्रयाच्या रांगेत का उभा राहतो, याचे उत्तर मात्र सीमेवर मिळत नाही, ते शेतात, हॉटेलांत आणि बांधकामांवर मिळते. शेतमजुरांसाठीच्या एच-2ए व्हिसावर संख्येची मर्यादा नाही, पण तो हंगामी कामासाठीच आहे. गाय हंगाम पाहून दूध देत नसल्यामुळे दूधडेअऱ्यांना त्याचा उपयोग होत नाही. इतर हंगामी कामांच्या एच-2बी व्हिसाची मूळ वार्षिक मर्यादा आहे 66 हजार. मालकाच्या बाबतीत 1986 च्या कायद्याने जाणूनबुजून बेकायदा कामगार ठेवणे दंडनीय ठरवले, पण वरवर खरी दिसणारी कागदपत्रे पाहिली की मालक सुटतो. कामगाराची माहिती सरकारी नोंदींशी ताडून पाहणारी ई-व्हेरिफाय व्यवस्था 1997 पासून चालू आहे, तरी बहुतेक खासगी मालकांसाठी संघीय पातळीवर ती आजही ऐच्छिक आहे. दुसऱ्याची खरी ओळख उसनी घेणारा त्यातूनही निसटतो, पण खोट्या ओळख क्रमांकावर चालणारा बाजार तिने नक्कीच आटेल.

ई-व्हेरिफाय सक्तीचे करणारे विधेयक काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, प्रतिनिधीगृहाने, 219 विरुद्ध 213 मतांनी मंजूर केले ते 11 मे 2023 रोजी, नेमके टायटल 42 संपले त्या दिवशी. सीमा कडक करण्याचा आग्रह धरणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचेच ते विधेयक होते, तरीही शेतीच्या लॉबीने सक्तीला अनेक महिन्यांची सवलत मिळवली आणि विरोधात मत देणाऱ्या दोन रिपब्लिकन सदस्यांपैकी एक कॅलिफोर्नियातला शेतकरी होता. सिनेटमध्ये ते पुढे सरकलेच नाही.