‘आमचं आम्ही बघतो’ असं म्हणू नका

ऑस्ट्रेलियातल्या आपल्या मराठी मंडळींना एक कळकळीची विनंती आहे. घरात दिव्यांग मूल असेल तर ते मंडळापासून, मित्रांपासून लपवू नका. आणि नसेल, तर ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी थोडा वेळ काढा.

मेलबर्नमध्ये स्थलांतरित समाजांतल्या दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी स्वयंसेवक म्हणून जाते. अशा संस्था इथे बऱ्याच वर्षांपासून आहेत. मेलबर्नला ॲडेक, सिडनीला एमडीएए, ब्रिस्बेनला अम्पारो. आपल्यातल्या कितीजणांनी ही नावं ऐकली आहेत?

काम साधंच असतं. आलेली पत्रं समजावून सांगायची, अर्ज भरताना शेजारी बसायचं, मीटिंगला सोबत जायचं.

एनडीआयएस, म्हणजे दिव्यांगांना लागणाऱ्या मदतीसाठी पैसे देणारी इथली सरकारी योजना, २०१३ साली सुरू झाली. तिथे तुमचं उत्पन्न बघत नाहीत. रोजच्या जगण्यात कुठे अडतं ते बघतात. आणि नेमके इथेच आपले लोक कमी पडतात. "मुलगा स्वतः जेवतो का?" असं विचारलं की आई पटकन म्हणते, "हो, जेवतो की." वरणभात मिक्सरमधून काढून, तेच एक गाणं पुन्हा पुन्हा लावून, तासभर एकेक घास ती भरवते, हे सांगतच नाही. "रात्री झोपतो?" "उठतो मधून मधून, पण आम्ही आहोत ना!" मुलाबद्दल वाईट बोलायचं नाही, घरचं बाहेर काढायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी खिळलंय. समोरचा अधिकारी मात्र तेवढंच लिहून घेतो, आणि हक्काची मदत कमी होते. आम्ही तिच्या वतीने उत्तर देत नाही. "ताई, काल रात्री काय झालं ते सांगा," एवढंच म्हणतो. मग खरं काय ते बाहेर येतं.

आणि कृपा करून दहावीतल्या लेकीला दुभाषी म्हणून बसवू नका. भावाबद्दल आईबाबा काय काय बोलतात ते तिने का ऐकायचं? एनडीआयएसच्या मीटिंगला दुभाषी मोफत मिळतो, फक्त आधी सांगावं लागतं.

लपवण्यामागे नुसती लाज नसते, हे मला मान्य आहे. टेंपररी व्हिसावर असलेल्यांना एनडीआयएस मिळत नाही. पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याच्या वेळी घरातल्या एकाच्या उपचारांचा आणि सेवांचा अंदाजे खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर सगळ्या कुटुंबाचा अर्ज अडकू शकतो. ती मर्यादा २०२४ मध्ये ८६,००० डॉलर झाली. दिव्यांगांशी भेदभाव करू नये म्हणून १९९२ चा कायदा आहे, पण स्थलांतराच्या कायद्याला त्यातून सूट आहे. मला हा उघड अन्याय वाटतो. तो बदलायचा तर ज्यांचा पीआर झालाय त्यांनी बोललं पाहिजे. व्हिसाच्या भीतीत जगणाऱ्या कुटुंबाकडून ती अपेक्षा कशी करणार?

आपली मंडळं दरवर्षी भारतातल्या संस्थांना देणग्या पाठवतात. जरूर पाठवा. पण ढोल-ताशा सुरू झाला की कानांवर हात दाबणाऱ्या मुलाला घेऊन आरतीआधीच निघून जाणारं कुटुंबही आपलंच आहे. यंदाच्या गणपतीत हॉलमधली एक खोली त्या मुलांसाठी शांत ठेवा. आणि पंधरा दिवसांतून एखादी दुपार देऊ शकत असाल तर मला मेसेज करा. मुलांसोबत काम करायचं तर वर्किंग विथ चिल्ड्रन चेक, म्हणजे आपली पार्श्वभूमी तपासून मिळणारी सरकारी परवानगी लागते. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात स्वयंसेवकांना ती मोफत मिळते. अर्ज कसा करायचा ते मी सांगते.