स्क्रोल पॅनेलला हाताने आकार देण्याचा सल्ला टाकून द्यावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पतसंस्थांसाठी आणि छोट्या कार्यालयांसाठी जावाच्या स्विंग या टूलकिटमध्ये (खिडक्या, बटणे, रकाने बनवण्याच्या संचात) प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. स्क्रोल पॅनेलमधील (स्क्रोलबार असलेल्या चौकटीतील) मजकूर खिडकीबरोबर लहानमोठा होत नसेल, तर आतील पॅनेलचा आकार ‘सेटप्रिफर्डसाइझ’ने ठरवून द्यावा, खिडकीवर लिसनर (आकार बदलला की आपोआप चालणारा कोड) बसवून तो दर वेळी बदलावा, तरीही जुनेच चित्र दिसले तर ‘रिपेंट’ करावे, आणि सर्व टूलकिटमध्ये हेच चालते, असे त्यात सांगितलेले असते. हा सल्ला नवशिक्यांचे फार नुकसान करतो, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

आकार ठरवून देण्याचे विधान सर्वांत घातक आहे. पॅनेलला किती जागा लागते हे लेआउट मॅनेजर, म्हणजे मांडणी करणारा भाग, आतील घटकांवरून मोजतो. आपण आकडा दिला की ही मोजणी विचारातच घेतली जात नाही. आपल्या भागातील सभासद-अर्जावर मराठी आणि कन्नड अशी दोन्ही लेबले असतात. कन्नड जोडाक्षरातील दुसरे व्यंजन बहुधा ओळीखाली उतरते, मराठीत वेलांट्या आणि रफार शिरोरेघेच्या वर जातात, आणि दोन्ही फॉन्टची ओळीची उंची सारखी असतेच असे नाही. अशा अर्जाला ६०० पिक्सेल उंची ठरवून दिली आणि पुढे वारसदाराचे व जामीनदाराचे रकाने वाढले, तरी पॅनेल ६०० हाच आकडा सांगत राहते. स्क्रोलबार तेथेच थांबतो आणि खालचे रकाने चेपले जातात किंवा कापले जातात.

लिसनरच्या सल्ल्यामागे एक खरे निरीक्षण आहे: साधे पॅनेल खिडकी वाढवली की पसरते, पण अरुंद केली की स्वतःला लागणाऱ्या रुंदीखाली आकसत नाही. याचे कारण व्ह्यूपोर्टच्या, म्हणजे स्क्रोल पॅनेलच्या दिसणाऱ्या भागाच्या, नियमात आहे. पॅनेलची स्वतःची पसंतीची (मोजून आलेली) रुंदी व्ह्यूपोर्टपेक्षा कमी असेल, तर व्ह्यूपोर्ट त्याला ताणून जागा भरतो. ती जास्त असेल, तर तिला हात न लावता आडवा स्क्रोलबार आणतो. खिडकीवरील लिसनरला मात्र खिडकीची रुंदी कळते, व्ह्यूपोर्टची नाही. रकाने वाढून उभा स्क्रोलबार आला की खिडकी तेवढीच राहूनही आतील जागा त्या पट्टीएवढी घटते, लिसनरला त्याचा पत्ता लागत नाही, आणि तेवढ्याशा फरकासाठी आडवा स्क्रोलबारही उगवतो. खरा उपाय म्हणजे आतील पॅनेलने ‘स्क्रोलेबल’ हा इंटरफेस (ठरावीक मेथड लिहून देण्याचा करार) स्वीकारणे. त्यातील पाच मेथडपैकी ‘गेटस्क्रोलेबलट्रॅक्सव्ह्यूपोर्टविड्थ’ने होकार दिला की रुंदी व्ह्यूपोर्टबरोबर बदलते, उंची मात्र गरजेप्रमाणे वाढते. तक्त्याचा ‘जेटेबल’ आणि अनेक ओळींच्या मजकुराचा ‘जेटेक्स्टएरिया’ हे घटक हाच इंटरफेस वापरतात. म्हणून ओळी मोडण्याची सोय चालू केलेला ‘जेटेक्स्टएरिया’ काही न करता अरुंद होतो.

‘रिपेंट’ फक्त पुन्हा रंगवते, मांडणी मोजत नाही. घटक जोडल्यावर किंवा काढल्यावर मांडणी नव्याने मोजायला लावणारे ‘रिव्हॅलिडेट’ हवे. काढलेल्या घटकाचा ठसा पुसण्यासाठी त्यानंतर ‘रिपेंट’ केले तर ते योग्यच आहे.

सर्व टूलकिटमध्ये हेच चालते, हेही खरे नाही. क्यूटी या दुसऱ्या टूलकिटच्या ‘क्यूस्क्रोलएरिया’त ‘विजेटरिसायझेबल’ हा गुणधर्म मुळात बंद असतो. तो चालू केला की आतील विजेट (घटक) उपलब्ध जागेप्रमाणे आपोआप बदलते, लिसनर लागत नाही. पायथनच्या टीकेइंटर या टूलकिटमध्ये मात्र, सल्ल्याच्या बाजूने हे मान्य केलेच पाहिजे, लिसनरवाचून सोय नाही, कारण तेथे फ्रेम (घटक ठेवण्याचे पॅनेल) स्क्रोल करण्यासाठी ती सहसा कॅनव्हास या स्क्रोल होणाऱ्या घटकात बसवावी लागते. पण तेथेही लिसनर खिडकीवर नव्हे, कॅनव्हासवर बसवावा आणि मिळालेली रुंदी कॅनव्हासमध्ये फ्रेम जिच्यात बसवली त्या चौकटीला द्यावी. उंचीला हात लावू नये. फ्रेमचा आकार बदलला की ‘स्क्रोलरीजन’ (किती भाग स्क्रोल करता येतो ती मर्यादा) नव्याने मोजण्यासाठी दुसरा लिसनर फ्रेमवर लागतो, आणि तो विसरला तर खालचे रकाने तेथेही हाती लागत नाहीत.