दोन सोंडांचा गणपती

'करायला गेलो गणपती आणि झाला मारुती' ही म्हण ज्याने केली, त्याच्या हातात निदान माती तरी होती. कॉम्प्युटरवर गणपती करायला घेतला की मारुतीपर्यंत पोचायलाही महिना जातो. त्याआधी हमखास होतो तो दोन सोंडांचा गणपती.

त्याचं असं आहे. स्कल्प्टिंगच्या, म्हणजे पडद्यावर मूर्ती घडवायच्या, सॉफ्टवेअरमध्ये सिमेट्री नावाची सोय असते आणि बहुतेक ठिकाणी ती आधीपासून चालूच असते. डाव्या कानावर ब्रश फिरवला की उजवा कान फुकटात होतो. कान, डोळे, खांदे होईपर्यंत माणूस खुशीत असतो. मग तो स्नेक हूक ब्रशने सोंड डावीकडे ओढतो आणि उजवीकडूनही एक सोंड डुलत बाहेर येते. एक दात मोडावा तर दोन्ही मोडतात. अशा वेळी लोक सिमेट्री बंद करत नाहीत. सॉफ्टवेअर बदलतात. आणि बदलण्याआधी मला विचारतात, "कुठलं घेऊ?"

मी उलट विचारतो, गणपती शेवटी जाणार कुठे? थ्रीडी प्रिंटरवर, गेममध्ये, की नाचायला? उत्तर ठरलेलं: "तिन्ही!" इथेच गोची आहे. कॉम्प्युटरमधली मूर्ती म्हणजे बारीक त्रिकोण-चौकोनांची जाळी. प्रिंटरला आकार बंद हवा, कुठेही भोक नको; जाळीत त्रिकोण असोत की चौकोन, त्याला सोयरसुतक नसतं. ॲनिमेशनवाल्याला मात्र मोजके आणि शिस्तीत ओळीने बसलेले चौकोन हवेत. आणि स्कल्प्टिंग करणाऱ्याला काय हवं? अजून चौकोन. सहा हजार चौकोनांचा साधा आकार घ्या. सबडिव्हिजनची, म्हणजे चौकोन चिरून आणखी बारीक करण्याची, दर पायरी त्यांची चौपट करते. सहाव्या पायरीवर ते २ कोटी ४५ लाख ७६ हजार होतात. तेवढ्यात पितांबराच्या चुण्या झकास दिसतात आणि लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो.

एवढे कोटी सांभाळण्यात झीब्रश या सॉफ्टवेअरचा हात धरणारं कोणी नाही. पण १९९९मध्ये ते पहिल्यांदा लोकांपुढे आलं ते चित्र काढायचं साधन म्हणून. त्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला खोलीही असे. तो मूळ स्वभाव अजून गेलेला नाही. पडद्यावर गोळा ओढला आणि लगेच 'एडिट' दाबलं नाही, तर पुढच्या प्रत्येक फटक्याला नवा गोळा उमटतो. दोन मिनिटांत पडद्यावर मोदकांचं ताट तयार. कंट्रोल आणि एन दाबून ताट पुसायचं, एकच मोदक ओढायचा, टी (म्हणजे तेच 'एडिट') दाबायचा आणि मग कामाला लागायचं. याहून मोठा खड्डा सेव्ह करताना आहे. 'डॉक्युमेंट'मध्ये जाऊन सेव्ह केलं तर मूर्ती साठवली जात नाही, तिचं चित्र साठवलं जातं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की गणपती हजर, पण वळत नाही! मूर्तीसाठी 'टूल' किंवा सगळा 'प्रोजेक्ट' सेव्ह करायचा. हे दर महिन्याला पैसे मोजून शिकायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पैसे मोजायचे नसतील तर ब्लेंडर. २००२मध्ये लोकांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत १ लाख युरो जमवले आणि ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं करून घेतलं. वर्गणीतून उभं राहिलेलं सॉफ्टवेअर आपल्या मंडळींना जवळचं वाटायला हरकत नाही. फुकट म्हणजे कच्चं असंही नाही. ज्या 'फ्लो' या ॲनिमेशनपटाला २०२५मध्ये ऑस्कर मिळालं, तो ब्लेंडरमध्येच केलेला आहे.

मात्र ब्लेंडरच्या गणपतीला उंदीर लागतोच, तोही तीन बटणांचा. मूर्ती फिरवायची ती मधलं बटण दाबून. नुसत्या टचपॅडवर काम करायचं असेल तर प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली 'एम्युलेट थ्री बटन माउस' चालू करायचं, मग ऑल्ट आणि डावं बटण चालतं. पेनचा दाब लागत नसेल तर पेन दुकानदाराच्या तोंडावर फेकण्याआधी तिथेच 'टॅब्लेट एपीआय' ऑटोमॅटिकवरून विंडोज इंक किंवा विनटॅब करून पाहावं. बहुतेक पेनं तेवढ्यावर शुद्धीवर येतात.

खरी परीक्षा घेतं ते रीमेश, म्हणजे जाळी नव्याने विणणं. आकार कितीही ओढाताण झालेला असो, कंट्रोल आणि आर दाबलं की सगळीकडे सारखे चौकोन. किती बारीक, ते व्हॉक्सेलच्या, म्हणजे आकार ज्या ठोकळ्यांत मोजला जातो त्यांच्या, मापावर ठरतं. ०.०१च्या जागी चुकून ०.००१ लिहिलं की चौकोन दसपट नव्हे, शंभरपट होतात, कारण पृष्ठभाग लांबी-रुंदी दोन्हीकडून चिरला जातो. मग पडदा गोठतो आणि आपण घरच्यांना "जरा थांबा, प्रोसेस होतंय" असं सांगत बसतो. माप मोठं ठेवलं तर जवळजवळचे भाग एकमेकांना चिकटतात. पहिला बळी मोदक. तो तळहातात विरघळतो आणि देवाच्या हाताला गाठ आल्यासारखी दिसते. म्हणून मोदक, मुकुट, परशू हे शेवटपर्यंत वेगळे ऑब्जेक्ट ठेवायचे. कान कागदासारखे पातळ न करता व्हॉक्सेलच्या दोन-तीन पट जाड ठेवायचे, नाहीतर कानांची चाळण होते. आणि रीमेशच्या आधी कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करायचं. ते केलं नाही की माप भलत्याच हिशोबाने लागतं.

ऑटोडेस्क कंपनीची माया हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर १९९८पासून आहे, मोठ्या स्टुडिओंत तीच चालते, नोकरी तिथे करायची असेल तर शिका. विषय संपला. "पण हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तर?" अशी शंका काढणाऱ्यांना मात्र मी हसत नाही. सॉफ्टइमेज नावाच्या अशाच सॉफ्टवेअरवर हात बसलेले लोक होते. २००८मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं आणि २०१४मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं.

दोन सॉफ्टवेअर घेणाऱ्यांचे भोग आणखी वेगळे. ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड, मायात वाय. एक्स्पोर्ट करताना अक्ष नीट निवडला नाही की बसलेला गणपती पलीकडे उताणा, शेषशायी विष्णूसारखा. प्रिंटरच्या एसटीएल फाइलमध्ये तर एककच नसतं. ब्लेंडरमधली दोन मीटरची मूर्ती छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिलिमीटरची होऊन पडते आणि ती शोधायला भिंग लागतं. एक्स्पोर्ट करताना स्केल १००० दिलं की भव्य मूर्ती परत येते. मग ती प्रिंटरमध्ये मावत नाही.

नाचवायचा असेल तर कोटीचे चौकोन खाली आणून वीस-तीस हजारांवर नवी जाळी विणायची. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती गोल फेरे, कोपराला निदान तीन. सोंडेला अंगठ्यांसारखे फेरे आणि आत आठ-दहा हाडांची साखळी. "हाडं आपोआप बसवणारं आहे ना काहीतरी?" आहे. मिक्सामो. ते हनुवटी, मनगटं, कोपरं, गुडघे दाखवायला सांगतं. गणपतीची हनुवटी कुठे असते, यावर अर्धा तास जातो. मग लक्षात येतं की मनगटं दोनच मागितली आहेत आणि आपल्याकडे चार आहेत.

तेव्हा ब्लेंडरमध्ये हाताने हाडं बसवायची आणि ऑटोमॅटिक वेट्स द्यायचे, म्हणजे कुठलं हाड अंगाचा कुठला भाग किती हलवणार ते ठरतं. इथे 'बोन हीट वेटिंग' फसल्याचा संदेश येतो. आधी एडिट मोडमध्ये सगळं निवडून एम दाबायचं आणि 'बाय डिस्टन्स' करून एकावर एक बसलेले बिंदू जुळवायचे. तरी ऐकलं नाही तर मूर्ती आणि सांगाडा दोन्ही एकदमच दहापट मोठे करायचे, वेट्स द्यायचे, परत लहान करायचे. मुकुटाला वेट्स देऊच नयेत. तो सरळ डोक्याच्या हाडाला बांधायचा, नाहीतर मान वळवली की सोनं च्युइंगगमसारखं ताणलं जातं. यानंतर पहिली मांडी उचलली की ती पोटात घुसते. एवढ्या पोटाला इलाज वेटमध्ये नाही, वेगळ्या शेप कीज, म्हणजे आकाराच्या हाताने दुरुस्त केलेल्या आवृत्त्या, कराव्या लागतात.

आणि रेंडर, म्हणजे एकेका फ्रेमचं पक्कं चित्र काढणं. सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला १४४०. एका फ्रेमला चार मिनिटं धरली तर ९६ तास. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होईल तेव्हा तुमची साडेबावीस सेकंदं झालेली असतील. तीही पीएनजी फ्रेम म्हणून साठवा. सरळ व्हिडिओ काढत असताना वीज गेली तर झालेलंही सहसा हाती लागत नाही.

एवढं सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर समोरचा विचारतो, "बरं, पण मोबाइलवर होईल का?"

होईल. नोमॅड स्कल्प्ट अँड्रॉइडवरही चालतं आणि पैसे एकदाच भरायचे. फक्त सोंड वळवायच्या आधी सिमेट्री बंद करा.